निळा गडी

“उतर, दुसरी गाडी धरू,” ज्ञानू म्हणाला. “हिचं काय खरं न्हाई.”

इस्लामपूरच्या स्टँडवर एसटी बराच वेळ उभी होती. ड्रायव्हर बॉनेटमध्ये वाकून बघत होता. ज्ञानू उंब्रजात विहिरींवरचे पंप दुरुस्त करायचा. बंद पडलेलं यंत्र दिसलं की त्याला राहवत नसे. मगाशी त्यानंही इंजिनात डोकं घातलं होतं आणि ड्रायव्हरची बोलणी खाऊन परत आला होता.

दानिश खिडकीशी बसून होता. “अम्मी म्हनली, दिवस बुडायच्या आत ये. बॅग तशीच पडलीय.”

“जाशील रं. एकदा दार उघडलं की लगेच माघारी.”

दानिश साताऱ्यात शिंपीकाम करायचा. उद्या तो मुंबईला आणि तिथून विमानानं सौदीतल्या दम्मामला जाणार होता, कपड्यांच्या कारखान्यात. परत कधी येणार, हे ज्ञानूनं सकाळपासून तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा दानिशनं वेगळं उत्तर दिलं होतं.

साताऱ्याच्या स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान होतं, तिथं त्यांची ओळख झाली. ‘थंडर फोर्ट’ हा किल्ल्यातून निसटायचा खेळ. ज्ञानूचा लाल गडी, दानिशचा निळा. दुसऱ्या भागाच्या शेवटी लोखंडी दार खाली येऊ लागे. ते वर धरायला एकाला आत राहून साखळी ओढावी लागे आणि तो दर वेळी निळाच असे. लाल बाहेर पडला की दार धाडकन बंद होई. मग काळ्या पडद्यावर इंग्रजीत अक्षरं उमटत: पुढे चालू. त्या अक्षरांपाशी दोघं कित्येक वर्षं थांबले होते.

गेल्या आठवड्यात मोटारीचं सामान आणायला ज्ञानू सांगलीला गेला, तेव्हा विश्रामबागेत, त्या दिवशी बंद असलेल्या एका व्हिडिओ गेमच्या दुकानावर त्याला पोस्टर दिसलं. ‘थंडर फोर्ट ३’. तीच अक्षरं, निळ्याचा तोच चेहरा. चल म्हणून दानिशला गळ त्यानंच घातली होती. आता इथंच अडकलो आणि उद्या ह्याची मुंबईची गाडी चुकली तर? तरी परत जाऊ असं काही त्याच्या तोंडून निघेना.

विश्रामबागेत पोचले तेव्हा उन्हं कलली होती. दुकानाचे मालक चांदसाहेब स्टुलावर बसून शेंगा खात होते.

“चाचा, थंडर फोर्ट. दोघांचा लावा.”

“दोघांचा कुठला? एकाचाच हाय.”

जुन्याच मशीनला मधोमध मोटारीसारखं स्टिअरिंगचं चाक बसवलं होतं. दुसऱ्या खेळाडूची दांडी जिथं असायची तिथलं भोक पत्र्याच्या चकतीनं बुजवलं होतं. पडद्यावर गाड्या सुसाट पळत होत्या.

“ही तर रेस हाय!” ज्ञानू म्हणाला. “आवं, किल्ला कुठाय?”

“कसला किल्ला?”

“नावात हाय की!”

“नावात लय कायबाय असतंय. माझा मेव्हणा शेरखान. मांजर आडवं आलं तर घरी परततोय.”

“मग रेसला हे नाव लावलंच कशाला?”

“लावलं म्हणून तर तुमी एवढ्या लांबनं आला न्हवं?” चांदसाहेबांनी शेंगेचं टरफल टाकलं. मग दोघांच्या तोंडाकडं बघून ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, “मी बी किल्लाच समजून आणला, बाबा. खेळा, पैसं ऱ्हाऊ द्या.”

पडद्यावर आधी ड्रायव्हर निवडायचा होता. तिसरं चित्र निळ्याचं होतं. डोळ्यांवर काळा चष्मा, गालभर हसू.

“बाहेर आला म्हनायचा,” दानिश म्हणाला.

“कसा आला? कुनी काढला?” ज्ञानूचा आवाज चढला. “साखळी सोडली तर दार अंगावर येतंय. आत मेला का जगला, ते सांगायचं सोडून ह्याला गाडीत बसवलाय. हसतोय बघ कसा!”

“हसू दे की, गड्या. हाय तर खरा.”

ज्ञानूनं चाक धरलं. त्यानं निळ्याला निवडलं. शिट्टी झाली, बाकीच्या गाड्या निघून गेल्या. ज्ञानूनं चाक गरागरा फिरवून गाडी उलट्या दिशेला वळवली आणि कडेकडेनं हळू नेऊ लागला. पडद्यावर लाल इशारा लुकलुकू लागला.

“त्याचं डोकं फिरलंय काय?” चांदसाहेबांनी दानिशला विचारलं.

दानिश पडद्याजवळ सरकला. “त्या वळणाच्या मागं बघ,” तो ज्ञानूला म्हणाला. “किल्ल्याच्या भिंतीसारखं दिसतंय.”

ती भिंत नव्हती, जाहिरातीचा फलक होता. ज्ञानूनं त्याला वळसा घातला. पुढं रस्ता, पुन्हा तेच वळण, तोच फलक. कोपऱ्यातले वेळेचे आकडे उतरत चालले होते. बाहेर रिक्षावाला स्टँड, स्टँड म्हणून ओरडत होता.

“अजून थोडं,” दानिश म्हणाला. त्याचा हात पत्र्याच्या चकतीवर होता. तिथं अजून दांडी असावी तशी त्यानं मूठ आवळून धरली होती.