उगवतीच्या किनाऱ्याचा बेत

कार्तिकातली संध्याकाळ. धुतल्या आकाशाची, निवळल्या पाण्याची, केशरी पायघड्यांवरून हलक्या पावलांनी उतरणारी संध्याकाळ. आंबोळ्याच्या चंद्रकोरी किनाऱ्यावर सुरूची बनं सुवर्णस्नात उभी होती. माडांच्या माथ्यांवर मंद मंद वारा रेंगाळत होता. आणि क्षितिजाच्या काठावर तो आरक्त, तेजोभारित, दिवसभराच्या वाटचालीने दमलेला सूर्य पाण्यात पाय सोडून बसला होता. अख्खा गाव अशा वेळी समुद्राकडे तोंड करून असतो.

एक घर तेवढं पाठ फिरवून होतं.

त्या घराचं पुढचं दार सूर्य हातभर वर असतानाच लागायचं. कडी घालणारे हात हेमलताचे. तीन वर्षं झाली, एकही संध्याकाळ तिने त्या दारातून आत येऊ दिली नव्हती.

तिचा नवरा दत्ताराम तोडणकर खाडीवरची फेरीबोट चालवायचा. संध्याकाळी घरी यायचा, पाय धुवायचा, ओट्यावर बसून चहा घ्यायचा, आणि दोघं मिळून सूर्य बुडताना बघायची. बेचाळीस वर्षं बघत होती. लाल सूर्य, पिवळा सूर्य, ढगांच्या फटीतून चोरून जाणारा सूर्य. बुडाला की दत्ताराम म्हणायचा, "चल, दिवा लाव." अशाच एका संध्याकाळी ती दिवा लावायला उठली, लावून परत आली, तो कपात चहा तसाच आणि ओट्यावरचा माणूस कायमचा गेलेला. तेव्हापासून समुद्रात उतरणारा तो तांबडा गोळा तिला सोसवेना.

आणि आंबोळ्याला सूर्य मिळतो तो एवढाच, जाणारा. उगवता या गावाच्या वाट्याला नाही. पूर्वेला जांभ्या दगडाचा उंच सडा आडवा पडलेला. सड्याआड पहाट होते, सड्याआड तांबडं फुटतं, सड्याआड सोनं सांडतं. सगळा सोहळा आटोपला की आठाच्या सुमारास माथ्यावरून जो डोकावतो तो पांढराफटक, पोक्त, कामाला निघालेला. त्याचं बालपण आंबोळ्याने कधी पाहिलंच नाही.

मंदाकिनी ही दत्तारामची धाकटी बहीण. तालुक्याच्या शाळेत छत्तीस वर्षं भूगोल शिकवला, लग्न केलं नाही, निवृत्त झाली आणि माहेरच्या घरी वहिनीपाशी येऊन राहिली. भाऊ तिचाही गेला होता. पण रडणं तिला जमत नाही. तिला आखणी जमते.

भाद्रपदातल्या एका दुपारी दोघी ओटीवर कुळीथ निवडत होत्या. निवडता निवडता हेमलता म्हणाली, "वन्सं, आपल्याकडे बुडतो तो कुठल्यातरी समुद्रातून वर निघतच असेल की. निघताना एकदा बघायचा होता." आणि लगेच, सूप पाखडत, "राहू दे. उगीच आपलं."

राहू दे! हे तिचं आयुष्यभराचं पालुपद. जरीचं लुगडं राहू दे, माहेरची जत्रा राहू दे, दुखरा गुडघा राहू दे. इच्छा तिच्या ओठांवर यायची आणि तिथल्या तिथे माघारी फिरायची. या वेळी मात्र ती मंदाकिनीच्या कानांवर पडली होती, आणि मंदाकिनी काहीच राहू देत नसे.

जगन्नाथपुरी तिच्या मनात आली, पण तिथे बारमाही यात्रेकरू. कन्याकुमारीही आली, पण तिथे ती शाळेच्या सहली घेऊन सात वेळा गेली होती, सातही वेळा ढग, आणि ढगांहून दाट माणसं. वहिनीला गर्दीत रडायचं नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. मग एका सकाळी नकाशावरून फिरता फिरता तिचं बोट खाली उतरलं, पाणी ओलांडून पलीकडे गेलं, आणि थांबलं. श्रीलंका! सिंधुवेष्टित, माडमंडित, हिरवागार देश. पश्चिमेच्या काठाला बुडालेला सूर्य पूर्वेच्या काठाला पुन्हा निघतो आणि मधली वाट दोन साठीच्या बायकांना झेपण्याएवढी. तिने त्याच दिवशी पेन्सिलीला टोक केलं.

बावीस दिवस ठरले. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, की मार्गशीर्षात निघायचं. त्या वेळी आकाश कसं असतं? निरभ्र, निर्मळ, नितळ. कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल.

केवढी ती आखणी! जुन्या शाळेच्या तक्त्याची पाठकोरी बाजू घेऊन तिने तो देश स्वतःच्या हाताने काढला, निळ्या खडूने भोवती समुद्र भरला. नागमोडी रस्त्यांवर शिवणाचा दोरा धरून अंतरं मोजली. प्रत्येक दिवसाचे शाळेसारखे आठ तास पाडले, चौथ्या तासानंतर मधली सुट्टी. कोलंबोच्या किनाऱ्यावर पहिला मावळता. मग गॉलचा समुद्रवेढ्या तटांचा किल्ला, मग धुक्याची दुलई पांघरलेले चहाचे डोंगर, कँडीचं शांत तळं, अनुराधापुराचे शुभ्र स्तूप. प्रत्येक गावापुढे माती कुठली, खडक कुठला, पीक कुठलं. सहल काढली होती की परीक्षा, देव जाणे.

आणि तेरावा दिवस. पूर्व किनारा, त्रिंकोमालीच्या जरा वरती नीलावेली. त्या दिवसाला तास नव्हते, मधली सुट्टी नव्हती, माती-खडक काही नव्हतं. त्या चौकटीत एकच शब्द होता, उगवता.

गावाने यथेच्छ थट्टा केली. "लंकेला चाललात, येताना सोनं आणा हो," असं विहिरीवर रोज कुणीतरी म्हणे. पण हळूहळू, दिवसागणिक, घरात काहीतरी उमलू लागलं. पासपोर्टच्या फोटोसाठी हेमलता तालुक्याला गेली आणि फोटोवाल्याने "हसू नका" म्हटल्यावर तिला हसूच आवरेना. आयुष्यात पहिल्यांदा तिने कापडी बूट घेतले. ते घालून ती अंगणात फेऱ्या मारी आणि कोंबड्या बिचकून पळत. "तिकडे भात उकडा असतो का हो वन्सं?" "तिकडच्या बायका केसांत फुलं माळतात?" अशी विचारणा चुलीपाशी चाले. तीन वर्षं मिटलेला तो आवाज थोडा थोडा मोकळा होत होता, आणि ते ऐकताना मंदाकिनीचा जीव सुपाएवढा होई.

तिकिटं काढायची तेवढी बाकी होती. त्याआधी तिने नीलावेलीच्या एका लहानशा लॉजला फोनवरून निरोप धाडला. मालकीण तिलकवती नावाची तमिळ बाई. तिचं इंग्रजी उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, साधं, सरळ, प्रेमळ. अवश्य या. मात्र तुम्ही येता त्या महिन्यात आमच्याकडे पाऊस असतो. कधी कधी आठ-आठ दिवस आकाश उघडत नाही. सूर्य दिसेल असं वचन मला देता येणार नाही, चहा मात्र गरम देईन.

मंदाकिनी खुर्चीत बसली ती बसलीच.

ईशान्य मोसमी वारे! फळ्यावर बाण काढून काढून छत्तीस वर्षं तिने शिकवले होते. दोन गुणांचा हमखास प्रश्न. तामिळनाडूला हिवाळ्यात पाऊस का पडतो, हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. पण सहल आखायला बसली ती भूगोलाची बाई नव्हतीच. ती आंबोळ्याची मुलगी होती. दसरा झाला की आभाळ मोकळं, दिवाळी झाली की वाटा कोरड्या. पुस्तक तिच्या डोक्यात होतं आणि कोकणचा पाऊस हाडांत. हाडं जिंकली.

चार दिवस तिने ते पोटात ठेवलं. चार दिवस नकाशा उलगडला आणि मिटला. तिला चुकीची लाज वाटत होती, पण भीती वेगळीच होती. वहिनीला सांगितलं की ती काय म्हणणार, हे ठाऊक होतं. राहू दे म्हणेल. कापडी बूट कोनाड्यात जातील, चुलीपाशचा आवाज मिटेल, आणि तो पुन्हा उघडायला दुसरा बेत आपल्यापाशी नाही. चार दिवस ती समोर आलेलं जेवण चिवडत राहिली.

पाचव्या दिवशी सकाळी, अकराच्या उन्हात, मागच्या अंगणात हेमलता बांगडे साफ करून त्यांना हळद-मीठ चोळत बसली होती. हिरव्या-निळ्या, रुपेरी, चकचकीत पाठींचे बांगडे. आणि कोपऱ्यात आशाळभूत मांजर. मंदाकिनी नकाशा घेऊन आली आणि खवल्यांपासून जपत पाटावर बसली.

"वहिनी, माझं चुकलं."

हेमलताने मान वर केली. हे वाक्य तिने या नणंदेच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.

"आपण जाणार तेव्हा तिकडच्या पूर्वेला पाऊस असतो. ढगच ढग. सूर्य दिसायचा नाही." बोलताना आवाज कापला, भूगोलाच्या बाईंचा आवाज, जो शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत पोचायचा. "मला कळायला हवं होतं. मी हे शिकवलंय गं."

वरती घारीने एक संथ, रुंद, निवांत घेर घेतला. हेमलताचे हात बांगड्यावर तसेच थांबले. मंदाकिनी खाली मान घालून ते दोन शब्द यायची वाट बघत राहिली.

"मग तिकडे ऊन असतं तरी कधी?" हेमलताने विचारलं.

मंदाकिनीला क्षणभर कळेचना. मग ती घाईघाईने सांगू लागली, "शिमग्याच्या सुमारास दोन्ही किनारे उघडे मिळतात. पण शिमग्याला देवाची पालखी दारात येते, तेव्हा घर बंद ठेवून कसं चालेल? मग आंबा, मग काजू. आणि आषाढ-श्रावणात पूर्वेला कोरडं ठणठणीत, अगदी स्वच्छ. पण तेव्हा इथे…"

तेव्हा इथे काय असतं ते दोघींना ठाऊक होतं. धो धो, धुवांधार, दिवसरात्र. पडवीला झावळ्यांची झापं बांधून माणसं चार महिने आत बसतात. होड्या वाळूवर चढवून ठेवतात. त्या दिवसांत आंबोळ्यातून कुणी बाहेरगावी जात नाही, आणि घराची बाईमाणूस तर नाहीच नाही. कौल सरकलं, पाणी गळलं, लाकडं भिजली, तर बघायचं कुणी? पंचेचाळीस पावसाळे ते हेमलताने बघितलं होतं.

"मग आषाढात जाऊ," हेमलता म्हणाली.

"अगो, घर?"

"गळेल थोडं. पागोळ्या मोजायला घराला मी कशाला हवी? कौलं वैशाखातच चाळून घेऊ. गणपतीच्या आधी आठ दिवस परत यायचं, तेवढं मात्र लिहून ठेवा."

मंदाकिनीने पेन्सिल उचलली आणि परत ठेवली. अजून एक गोष्ट सांगायची राहिली होती, आणि ती सगळ्यात अवघड होती. "वहिनी, आषाढात पश्चिमेचा किनारा ढगाखाली असतो. म्हणजे मावळता नाही मिळणार. तुला तर बुडाला तोच निघताना बघायचा होता ना? दोन्ही काठ मिळावेत म्हणून तर हा देश शोधला. आता अर्धाच बेत उरतो."

हेमलताच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिने ते कुणापासून लपवलं नाही. हात हळदीचे होते, म्हणून तिने ते दंडाने पुसलं.

"मावळता मी पुष्कळ बघितला, वन्सं. ह्यांच्याबरोबर बघितला. तसा आता कुठल्याच देशात दिसायचा नाही." मग नाक ओढून, जरा ठसक्यात, "त्याच्यामागे आणखी किती हिंडायचं? मला नेताय तर उगवत्याकडे न्या."

मंदाकिनी वहिनीकडे बघत राहिली. तिने इतके दिवस दोऱ्याने रस्ते मोजले होते, तास पाडले होते, काठ जुळवले होते. आणि ही अडाणी म्हणवणारी बाई अर्धा देश एका वाक्यात ओलांडून गेली होती. तिला भरून आलं. आखणीत न बसणारं रडू आलं, आणि या वेळी तिने ते येऊ दिलं. दोघी बायका भर उन्हात, मागच्या अंगणात, एका पातेल्यातल्या बांगड्यांच्या साक्षीने मनसोक्त रडल्या. मांजराने तेवढ्यात एक बांगडा लांबवला, तोही त्यांनी जाऊ दिला.

मग हेमलता सरकून नकाशाजवळ आली. आजवर तिने तो लांबूनच बघितला होता. शाळेच्या वस्तूला हात लावायचा नसतो, अशा धाकाने. डोंगर, तळी, स्तूप, किल्ले तिने नुसते नजरेखालून घातले.

"कुठे निघतो तो? नेमका कुठे?"

मंदाकिनीने पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं. "हे नीलावेली. इथे आपण वाळूत बसणार. आणि समोर, हे सगळं पाणी आहे ना, ह्यातून."

"इथून?" म्हणत हेमलताने त्या पाण्यावर अंगठा टेकवला. चांगला दाबून टेकवला, आणि उचलला.

निळ्या समुद्रात हळदीचा ठसा उमटला होता. मंदाकिनीने सवयीने उचललेला खोडरबर बाजूला ठेवला आणि दोघी वाकून बघत राहिल्या. किनाऱ्यापासून बोटभर वर, पिवळाधमक, ओला, वाटोळा.