चार गिअरचा गाडा

माझी बहीण अफ्राकोमा हिचं दुसरं लग्न ज्या वर्षी झालं, त्याच वर्षी कोनामाबाईंच्या लाकडाच्या मिलमध्ये गिअर बसला. लग्न कोकोची तोडणी संपल्यावर झालं, आणि गिअर त्यानंतर दोन महिन्यांनी आला. आई गेल्यापासून घरात मोठा मीच होतो. नवऱ्याकडच्यांनी मागणीच्या म्हणून आणलेल्या दारूच्या दोन बाटल्या मीच हातात घेतल्या, आणि बहिणीला तीनदा विचारून मीच हो म्हणालो. नवरा ड्वोमो. फळ्या भरून कुमासी शहराला लॉरी न्यायचा. माणूस बोलका होता, जेवायला बसला की दोन माणसांचं जेवायचा आणि अफ्राकोमाला हसवायचा. पहिल्या नवऱ्याकडे ती सात वर्षं राहिली, तिथे ती हसल्याचं मला आठवत नाही.

मिलमध्ये मी एकोणीस वर्षं हँडल फिरवत होतो. गोल आरा जागेवर फिरतो. ओंडका गाड्यावर असतो, गाडा रुळांवर असतो, आणि गाडा आऱ्याकडे किती वेगाने जाईल ते हँडल फिरवणाऱ्याच्या हातात असतं. गाठ आली की हळू. रेघ सरळ असली की भराभर. आऱ्याचा आवाज बसायला लागला की हात आवरायचा, नाही तर दाते जातात. हे कुणी शिकवत नाही. तारेचा दोर गाड्याच्या दोन्ही टोकांना बांधलेला असतो आणि हँडलच्या पिंपावरून फिरतो, म्हणून लाकडातलं सगळं हाताला कळतं.

तिसऱ्या वर्षी माझा उजवा खांदा गेला. रात्री त्या कुशीवर झोपता येईना. मी कुणाला बोललो नाही, कारण हँडलवर माझ्याऐवजी बसायला चार माणसं तयार होती. एका रविवारी सगळं गाव चर्चमध्ये असताना मी मिलमध्ये गेलो आणि पहारीने रुळांचं आऱ्यापासून लांबचं टोक उचलून खाली पाचरी घातल्या. ओदुमच्या कठीण लाकडाच्या पाचरी, म्हणजे वाळवी लागणार नाही. टोकाला चार बोटं उंच, मग तीन, मग दोन. वरून भुसा लोटला. डोळ्याला उतार दिसत नव्हता. खांद्याला मात्र तो दुसऱ्या दिवसापासून कळला.

लोकांना वाटलं, माझ्या म्हणजे अनानेच्या हातात जोर आला. कापून झाल्यावर गाडा मागे ढकलायला एन्सिया आणि आणखी एक जण असायचे. एन्सिया म्हणायचा, "हा ओंडका जाताना अनानेचं ऐकतो आणि येताना आमच्यावर रुसतो." सगळे हसायचे. मीही हसायचो. सोळा वर्षं हे चाललं. बाजारात बायका मला लोखंडी हाताचा म्हणायच्या. माझी बायकोसुद्धा म्हणायची.

मग कोनामाबाईंनी कुमासीच्या सुआमे या गॅरेजांच्या भागातून बाफो मिस्त्रीला आणलं. त्याने मोडक्या लॉरीचा गिअर बॉक्स आणला, इंजिनाचा पट्टा त्याला जोडला आणि दोराचं पिंप त्यावर चढवलं. चार गिअर पुढे, एक मागे. गाठीला पहिला, ओदुमला दुसरा, वावासारख्या हलक्या पांढऱ्या लाकडाला चौथा. मागे यायला रिव्हर्स, ढकलायला माणसं नकोत. माझं हँडल त्याने काढलं. त्याच्याबरोबर लोखंडी खिट्टीही काढली, जी हँडलच्या चाकाच्या दात्यात टाकून मी गाडा थांबवत असे.

"ही राहू दे," मी म्हणालो.

"कशाला? गिअर धरून ठेवतो. थांबायचं असलं की न्यूट्रल करायचं. सपाट रुळावर गाडा कुठे जाणार, मामा?"

मी म्हणालो, "बरं."

कोनामाबाई खुर्ची टाकून बघत बसल्या होत्या. मी त्यांना म्हणालो, "मालकीणबाई, हे मी शिकतो."

"अनाने, तुला लायसन आहे?"

"मिलमध्ये लायसन कशाला?"

"गिअर आहे. गिअरला ड्रायव्हर लागतो. आणि ते आकडे काढलेत त्याने दांड्यावर, ते तुला वाचता येतात का?" तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. त्या पुढे म्हणाल्या, "तुझ्या बहिणीचा नवरा आहे ना, त्याची लॉरी लग्नापासून विटांवरच उभी आहे. त्याला बसवते. घरातलाच माणूस, तुला वाईट वाटायला नको."

मला आऱ्याच्या मागे टाकलं, कापलेल्या फळ्या उचलायला. एन्सियाच्या जोडीला.

पहिल्या दिवशी ड्वोमो टाय लावून आला. एन्सिया म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब, कुमासीची दोन तिकिटं द्या." ड्वोमोने भोंग्याचा आवाज तोंडाने काढला. पहिले काही दिवस मी त्याच्या शेजारी उभा राहून सांगायचो, आता पहिला, आता सोडा, आता तिसरा. त्याचा कान चांगला होता. इंजिनाचा आवाज बसला की गिअर उतरवायचा हे त्याला चढावर लॉरी चालवून माहीत होतं. आठवड्यात त्याला माझी गरज उरली नाही. मी दिवसाला जेवढे ओंडके कापायचो, त्याच्या दुप्पट त्याने कापले.

त्या शनिवारी आम्ही ताडी प्यायला बसलो. ड्वोमो सगळ्यांसमोर म्हणाला, "मेव्हणे, खरं सांगतो, नुसता दांडा हलवून माझी कंबर धरली. तुम्ही एकोणीस वर्षं हे हाताने कसं ओढलंत?"

"अनानेचा हात आहे तो," कुणीतरी म्हणालं.

"पायाही पडतो," ड्वोमो म्हणाला आणि खरोखर वाकला. लोक हसले, माझा पेला भरला. तेव्हा सांगता आलं असतं. दाजी, जरा बाहेर या, एवढंच म्हणायचं होतं. मी पेला संपवला.

लॉरीवाल्यांची एक सवय असते. उतार आला की गाडी न्यूट्रलला घालतात, पेट्रोल वाचतं. ड्वोमोही दर थोड्या वेळाने दांडा मधे आणायचा, खाली उतरायचा, साल अडकली असली तर काढायचा, आळस द्यायचा, पुन्हा चढायचा. आरा फिरतच असायचा. हलके ओंडके जागचे हलत नसत, रूळ गंजलेले होते. एकदा एक मध्यम ओंडका वीतभर सरकला आणि थांबला. मी ते मागून पाहिलं. दुपारी जेवताना मी त्याच्या शेजारी बसलो. अफ्राकोमाने उकडलेली कच्ची केळी आणि पाल्याची भाजी दिली होती, माझ्यासाठीही.

"दाजी, न्यूट्रलला ठेवून खाली उतरत जाऊ नका."

"का हो?"

"असंच. पहिल्यात ठेवा, क्लच दाबून इंजिन थांबवा."

"प्रत्येक वेळी इंजिन थांबवलं तर मालकीणबाई मला थांबवतील." त्याने केळं मोडलं. "मेव्हणे, मी उतारावर न्यूट्रल घालून अर्ध्या कुमासीचं पेट्रोल वाचवलंय. इथे तर जमीन सपाट आहे."

मी भाजी खाल्ली. तो म्हणाला, "हँडल हातातून गेलं म्हणून वाईट वाटतं का तुम्हाला? अफ्राकोमा म्हणते, दादा बोलत नाही हल्ली."

"खांदा दुखतो," मी म्हणालो.

"आता कशाला दुखेल? आता आराम आहे खांद्याला."

त्या रविवारी मी पाचरी काढायला गेलो. हातोडा आणि पहार घेऊन गेलो. सोळा वर्षं ओंडक्यांचं वजन सोसून त्या रुळाखालच्या लाकडी स्लीपरमध्ये दगडासारख्या बसल्या होत्या. रूळ उचलायला जॅक हवा होता, आणि जॅक लावायला तीन माणसं. तीन माणसांना सांगायचं म्हणजे गावाला सांगायचं. चर्च सुटल्याचे आवाज आले तसा मी भुसा परत लोटला आणि घरी गेलो. पुढच्या रविवारी बघू असं ठरवलं. पुढच्या रविवारी पाऊस होता. त्याच्या पुढच्या रविवारी मी गेलो नाही.

ऑगस्टमध्ये नदीपलीकडच्या ठेकेदाराचा ओदुम आला. एवढा मोठा ओंडका मिलमध्ये कित्येक वर्षांत आला नव्हता. गाड्यावर चढवायला सकाळ गेली. गावातला म्हातारा झाडांचा जाणता माणूस म्हणाला, ओदुम पाडताना झाडाला दारू दिली होती का ते विचारा. कोनामाबाई म्हणाल्या, "जंगलात दिली असेल त्यांनी." आणि काम सुरू झालं.

ड्वोमोने दुसरा गिअर टाकला. पहिली फाक नीट निघाली. दुसरी सुरू करायला त्याने गाडा मागे नेला आणि तेव्हा आऱ्याजवळ सालीचा मोठा तुकडा अडकलेला त्याला दिसला. त्याने दांडा मधे आणला आणि खाली उतरला. आऱ्याच्या पुढून जाऊन, ओंडक्याकडे पाठ करून, साल ओढायला लागला.

मी आऱ्याच्या मागे होतो. गाडा निघालेला मला दिसला. आधी तो निघाल्यासारखा वाटतच नव्हता. ओंडक्यावर सकाळच्या पावसाचं पाणी होतं, त्यातला एक थेंब पुढे ओघळला, ते मी पाहिलं. मग चाकं फिरताना पाहिली. मी ओरडलो की नाही ते मला आठवत नाही. एन्सिया म्हणतो ओरडलास. आरा चालू असताना कुणाचंच ऐकू येत नाही.

एन्सियाने पट्टा पाडला. इंजिन सुटं झालं आणि आरा बराच वेळ फिरत राहून थांबला. ड्वोमोला कोनामाबाईंच्या गाडीत घातलं. मी मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. पूल यायच्या आधीच मला कळलं, पण मी ड्रायव्हरला सांगितलं नाही आणि आम्ही दवाखान्यापर्यंत गेलो.

गावाने म्हटलं, ओदुम उपाशी होता. कोनामाबाईंनी मेंढा दिला, बाटली दिली, म्हाताऱ्याने आऱ्यापाशी दारू ओतून झाडाची क्षमा मागितली. मीही तिथे उभा होतो. दुःखाचं लाल-काळं कापड मीही नेसलो होतो.

बाफो मिस्त्री आठवड्याने आला. त्याला वाटत होतं लोक त्याला धरतील. गिअर बॉक्स उघडून त्याने सगळे दाते बघितले. मग काय वाटलं कोण जाणे, रुळावर आडवा झाला आणि एक डोळा मिटून लांबवर बघितलं. जॅक मागवला. सगळ्यांना चहाला पाठवलं आणि फक्त मला थांबवलं. आम्ही दोघांनी रूळ उचलला. पाचरी त्याने एकेक करून काढून माझ्या हातात दिल्या. चौदा होत्या.

"जुन्या आहेत," तो म्हणाला.

"हो."

"कुणी घातल्या असतील, मामा?"

"मिल जुनी आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. हातातला काळा तेलकट कपडा त्याने मला दिला, हात पुसायला. पाचरी मी भुशाच्या ढिगावर टाकल्या. तो ढीग वर्षभर आतून धुमसत असतो.

संध्याकाळपर्यंत त्याने मला गिअर शिकवला. एका दुपारचं काम होतं. आकडे वाचायची गरज नव्हती, दांडा कुठे जातो ते हाताला कळायचं. कोनामाबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "मग आधी का नाही बोललास?" मी पुढे अकरा वर्षं त्या सीटवर बसलो. मिस्त्रीने खिट्टी परत बसवली होती. मी प्रत्येक वेळी टाकायचो.

अफ्राकोमा वर्षभर काळ्या कपड्यात राहिली आणि नंतर माझ्याच घरी राहायला आली. एकदा भांडी घासता घासता तिने विचारलं, "दादा, तो गाडा आपला आपण कसा गेला?"

"ओदुम होता," मी म्हणालो.

ती म्हणाली, "हं." आणि भांडी घासत राहिली. पुन्हा तिने विचारलं नाही. मला ताप आला की ती सूप करायची. माझी बायको गेल्यावर माझं जेवण तीच बघायची. रोज संध्याकाळी ताट ठेवायची आणि समोर बसायची. रोज सांगता आलं असतं. कधी मी ठरवूनही बसायचो, आणि ती म्हणायची, आज मीठ जास्त झालंय का, आणि मी म्हणायचो, नाही, बरोबर आहे.

म्हातारपणी चर्चच्या वर्गात मी अक्षरं शिकलो. तिला यायची नाहीत. लिहून ठेवलं तर कुणाकडून तरी वाचून घेईल, असं वाटून मी दोनदा लिहायला बसलो. दोन्ही वेळा ती आत होती, कांदे चिरत होती, आणि मी कागद घडी करून ठेवला.

ड्वोमो १९६६ च्या ऑगस्टमध्ये एका मंगळवारी, पुलाच्या अलीकडे, कोनामाबाईंच्या गाडीत वारला. अफ्राकोमा यंदा मार्चच्या नऊ तारखेला, सकाळी, झोपेत वारली.