मी नाकातला मोती बोलतोय

मी एक मोती आहे. खोटा, पण मोती! आवाज जरा दबका वाटला तर सांभाळून घ्या, कारण माझं उभं आयुष्य एका नाकात गेलंय. नाकात म्हणजे दागिन्यात नव्हे हो, थेट आत. डाव्या नाकपुडीत, वरच्या मजल्यावर.

जन्म काचेच्या कारखान्यातला. भट्टीतून निघालो तेव्हा साधा मणी होतो. मग कुणीतरी मला चकचकीत पांढऱ्या रंगात बुडवलं आणि माझं डोकंच फिरलं. पिशवीतल्या भावंडांना मी सांगत सुटलो, "बघाच, मी राणीच्या गळ्यात बसणार!"

राणी कुठली? पोचलो एका आत्याबाईंच्या घरी. त्यांच्या पुढच्या खोलीत चार बायका बसून लग्नाच्या पोशाखांवर मोती शिवायच्या. व्यापारी मोती वजन करून द्यायचा आणि उरलेले वजन करूनच परत घ्यायचा. म्हणून आत्याबाईंचा नियम होता, खोलीतून निघणाऱ्याने मूठ उघडून आणि खिसे उलटे करून दाखवायचे. यातून सख्खी भाचीसुद्धा सुटायची नाही.

भाची जेमतेम चार वर्षांची, घरात तिला चिमी म्हणत. एवढ्या ढिगातून तिने नेमकं मलाच उचललं, यात मला तरी काही नवल वाटलं नाही. पण दारात आत्याबाई उभ्या!

"मूठ उघड." उघडली.

"खिसा?" रिकामा.

"आ कर. जीभ वर कर." तीही केली.

"शहाणी गं माझी बाई!" म्हणून आत्याबाईंनी पापा घेतला आणि चिमी पळाली. मी तेव्हा कुठे होतो, हे तुम्ही ओळखलंच असेल. मला काढायला तिने बोट घातलं, तसा मी आणखी आत गेलो. तेवढ्यात रस्त्यावर फुगेवाला आला आणि ती मला साफ विसरली.

नाक मात्र विसरलं नाही. त्या दिवसापासून ते जे वाहू लागलं, ते बारा महिने तेरा काळ. शाळेत चिमीची 'शेंबडी' झाली. घरात ज्याला त्याला वैद्यकी सुचू लागली. आई म्हणाली, दूध बंद. काका म्हणाले, सगळा धुळीचा खेळ. गालिचा गेला, उश्या गेल्या. मग संशय मांजरीवर. बिचारीची शेजारी रवानगी झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी आतून ओरडायचो, "अहो, मी इथे आहे!" पण मोत्याचं ऐकतो कोण? चिमी शिंकली की मला मात्र झोपाळ्यावर बसल्यासारखं व्हायचं. खोटं कशाला बोलू, मजा यायची.

डॉक्टरही झाले. गोळ्या घेतल्या की चार दिवस बरं, पुन्हा ये रे माझ्या मागल्या. नाक पुसायचं तर अख्खं पुसायचं, ही आईची शिकवण. त्यामुळे एकच बाजू गळते, हे खुद्द चिमीच्याही ध्यानात आलं नव्हतं.

इकडे मी गरगरीत होत होतो. त्या ओलाव्यातला क्षार माझ्यावर थरावर थर चढत होता. शिंपल्यातला मोती असाच वाढतो म्हणतात, म्हणजे मी आता खराच झालो की! आनंदाने मी वेडा व्हायचा बाकी होतो. नाकापेक्षा मोती जड, ही म्हण माझ्यासारख्यासाठीच केली असणार.

चिमी मोठी झाली आणि बसस्थानकावर माईकपुढे बसू लागली. माईकची तिला लहानपणापासून हौस. पण नाक चोंदलेलं, त्यामुळे 'प्रवाशांनी सामान सांभाळावे' हे बाहेर पडायचं 'प्रवाशांदी साबाद साबाळावे'. लोक खो खो हसायचे.

एक दिवस मोठे साहेब आले. "बाई, महिनाभरात आवाज मोकळा झाला तर ठीक, नाहीतर तुम्ही सामानघरात. माईकवर दुसरं कुणीतरी बसेल."

साहेब गेल्यावर चिमी दार लावून रडली. तिच्या रडण्याने मी चिंब भिजलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या थाटाची लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी आत्याबाई तिला नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या.

"कुठली बाजू गळते?" बाईंनी विचारलं.

"दोन्ही."

"असं? उजवी दाबा आणि श्वास घ्या बरं."

श्वास येतो कुठला! वाटेत मी बसलेलो. मग डावी दाबली, तर उजवीतून वारा कसा सुळकन गेला.

"सगळी गडबड एकाच बाजूला आहे," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं सर्दी एक बाजू धरून बसत नाही. आत बघू या."

बारीक नळी आत आली, टोकाला दिवा! केवढा तो उजेड! मी लाजून चूर.

"अगं बाई, इथे कुणीतरी मुक्कामाला आहे!"

नाक बधिर केलं, चिमटा आला, आणि मी टणकन ताटलीत. बाईंनी वरचा थर खरवडला. माझं सगळं वैभव क्षणात गेलं आणि खालचा जुना पांढरा रंग चमकला.

आत्याबाई जागेवरून उठल्या. "हा माझा मोती! मूठ बघितली, खिसा बघितला, जिभेखालीसुद्धा बघितलं की गं मी!"

"नाक राहिलं, आत्या," चिमी म्हणाली.

दोघी इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टरीणबाईंनाही भिंतीला टेकावं लागलं.

आता माझा मुक्काम एका छोट्या बाटलीत, चिमीच्या माईकशेजारी. तुम्हाला माझं एकच सांगणं: कुणाचं नाक एकाच बाजूने वाहत राहिलं, तर घरातल्यांवर आळ घेण्याआधी डॉक्टरांना आत बघायला सांगा. माझ्यासारखे पाहुणे आपण होऊन उठत नाहीत.

परवा नाकातली जखम भरल्यावर चिमी कामावर आली आणि तिने पहिली गाडी पुकारली. साहेब धावतच आले. "माईकवर कुणाला बसवलंय? मला न विचारता?"

माईक चालूच होता. "मीच आहे, साहेब!"

सगळ्या स्थानकभर तो आवाज घुमला. घंटेसारखा स्वच्छ. लोकांनी माना वर केल्या, कुणीतरी टाळी वाजवली, साहेब तर तोंड उघडंच ठेवून उभे राहिले. मीही हा आवाज बाहेरून पहिल्यांदाच ऐकत होतो. इतकी वर्षं मी त्याच्याच वाटेत बसलो होतो, आणि तो इतका गोड आहे हे मलाच ठाऊक नव्हतं.