माथ्याची रांग

माझे साडू दगडाचे मिस्त्री आहेत आणि मी छत्तीस वर्षं वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं, म्हणून ते मला पंडित म्हणतात. सासऱ्यांना दोन जावई. एकाने त्यांच्या दाराला दगडी पायऱ्या करून दिल्या, दुसऱ्याने शब्दकोश भेट दिला. पायऱ्यांवरून रोज सगळं घर ये-जा करायचं. शब्दकोश कुठे असतो हे सासऱ्यांनाही आठवायचं नाही.

आठ वर्षांपूर्वी आमच्या बागेतल्या वाफ्याला गुडघाभर उंचीची भिंत घालायची होती. तेव्हा मी हट्टाने दगडासारखे दिसणारे सिमेंटचे ठोकळे आणले. साडूंना बोलवायचं नव्हतं, एवढंच कारण. वर्षभर ते बरे दिसले. मग रंग उडाला, कोपरे झडले. प्रत्येक ठोकळ्यावर एकाच जागी एकच नकली भेग होती, आणि ती एकदा लक्षात आल्यावर दुसरं काही दिसेना. मेव्हणीच्या अंगणातला साडूंचा कट्टा मात्र वीस वर्षांत उजळत गेला. कडा बसून बसून मऊ झाल्या, पावसाने दगडातल्या तांबूस रेषा वर आणल्या.

"म्हातारा होतोय तसं रूप चढतंय त्याला," बायको एकदा कट्ट्याकडे बघत म्हणाली. साडू शेजारीच उभे होते. मला ते दगडाबद्दल वाटलं नाही.

या वर्षी तिने मला न विचारता त्यांना ठोकळे काढून दगडी भिंत घालायला बोलावलं.

साडू सत्तरी ओलांडलेले, पण दगड उचलताना तोंडातून हूं की चूं नाही. दगड हातात घ्यायचा, दोनदा फिरवायचा, छिन्नीने एक कपची उडवायची, की तो जागेवर बसलाच. बायको भाजी निवडायला बागेत जाऊन बसली.

"भावोजी, कुठला दगड कुठे जाणार हे कळतं कसं हो?"

"कळत कुठे धाकटे? बसेपर्यंत शिव्या देतो."

ती खळखळून हसली. माझ्या विनोदांवर ती हसते, पण आधी मला ते समजावून सांगावे लागतात.

मी आत जाऊन बांधकामावरचं एक जुनं पुस्तक काढलं. तीन दिवस वाचत होतो. चौथ्या दिवशी हवं ते सापडलं. थराथरांचा दगड जमिनीत जसा आडवा होता तसाच भिंतीत आडवा बसवावा. थर उभे ठेवले तर पापुद्रे सुटतात. मी पुस्तक तिथेच मिटलं आणि बाहेर आलो. साडू भिंतीच्या माथ्याची शेवटची रांग लावत होते. चार दगड लागले होते. चारही उभे.

मला झालेला आनंद सांगायला लाज वाटते.

"साडूभाऊ," मी म्हणालो. आवाज जरा चिरकलाच. "थर उभे ठेवलेत तुम्ही. याचे पापुद्रे निघतील."

बायकोने मान वर केली. साडूंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"खरंच की पंडित," ते म्हणाले. "नजरेतून सुटलं."

त्यांनी चारही दगड काढून आडवे घातले. बायकोने आत जाऊन बहिणीला फोन लावला. "अगं, ह्यांनी भावोजींची चूक काढली. हो, ह्यांनीच. दगडातली." चाळीस वर्षांत तिचा असा आवाज मी माझ्यासाठी ऐकला नव्हता. जेवताना मी एक पोळी जास्त खाल्ली.

जेवणानंतर तेच वाक्य पुन्हा वाचावं म्हणून पुस्तक उघडलं आणि पान उलटलं. पुढच्या पानावर पहिलीच ओळ होती: माथ्याची रांग याला अपवाद. तिथे दगड उभेच लावावेत, म्हणजे ते एकमेकांना दाबून धरतात. आडवे लावले तर पावसाने वरचा थर उचलला जातो.

मी ती ओळ दोनदा वाचली. वरचा थर सुटायला दहा-पंधरा वर्षं लागतील. तोवर विचारायला कोण राहणार आहे? नाहीतरी मी पुस्तकं चाळणारा माणूस. अपवाद ठाऊक नव्हता म्हणून काय बिघडलं?

मग ध्यानात आलं की साडूंना तो ठाऊक होता. पन्नास वर्षं माथे बांधणाऱ्याच्या नजरेतून चार दगड सुटत नसतात. त्यांना माझा चेहरा दिसला होता आणि त्यांनी आपलं काम मोडून मला मोठेपण दिलं होतं. इतके दिवस त्यांच्या हातांचा हेवा होता. आता मनाचाही करावा लागणार होता, आणि तेवढी ताकद माझ्यात नव्हती.

मी बाहेर गेलो. सिमेंट अजून ओलं होतं.

"साडूभाऊ, ते दगड उभेच हवेत ना?"

त्यांनी थापी खाली ठेवली. हळूच म्हणाले, "राहू द्या ना पंडित. धाकटी सकाळपासून खूश आहे."

"भिंत तिच्यासाठीच आहे. खराब होईल."

"तुमच्या-माझ्या हयातीत नाही व्हायची."

बायको चहा घेऊन दारात आली होती. गप्प राहिलो असतो तर फोनवरचा तो आवाज माझ्याकडे राहिला असता. मी तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो, "सकाळी माझं चुकलं. ते बरोबर होते. मी पुढचं पान वाचलंच नव्हतं."

तिने चहा भिंतीवर ठेवला. "आणि मला फोन करू दिलात."

"तेव्हा माहीत नव्हतं."

"आता ताईला काय सांगू?"

"खरं ते सांग."

"ते सांगेनच," ती म्हणाली, आणि साडूंकडे वळली. "तुम्हीही कमाल करता हो भावोजी." या वाक्यात राग किती होता आणि कौतुक किती, ते मी मोजत बसलो. कौतुक जास्त भरलं.

साडूंनी पहिला दगड सैल केला. "एका बाजूने धरा पंडित. जड आहे." मी धरला. दोघांनी मिळून तो उभा केला.

"बोटं सांभाळा," बायको मागून म्हणाली.

कोणाला म्हणाली, हे मी विचारलं नाही.