न्यायाधीशबाईंची फिरती खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी फिरती खुर्ची आहे. साधीसुधी नव्हे हं! कुटुंब न्यायालयात न्यायाधीशबाईंच्या आतल्या खोलीत असते मी. सुताराने माझे हात शिसवीचे केले, जाड गादी बसवली आणि दोघातिघांनी मला उचलून जिन्याने वर आणलं. तेव्हाचा माझा तोरा तर विचारूच नका! मोठमोठे वकील समोर अदबीने उभे राहायचे. मला वाटायचं, जगात काय जोडायचं नि काय तोडायचं, ते माझ्यावर बसणाऱ्यानेच ठरवावं.

पुढे गादी फाटली, एक चाक अडू लागलं. शिपाईमामा म्हणाले, "बाई, हिला अडगळीत टाकू या. केवढी कुरकुरते!"

"राहू द्या हो, मुलांना आवडते," बाई म्हणाल्या.

आई-वडील वेगळे होत असले की बाई मुलाशी एकांतात बोलतात. वकील बाहेर, आई-बाबाही बाहेर. मुलाला माझ्यावर बसवतात आणि स्वतः समोरच्या बुटक्या स्टुलावर टेकतात. पहिल्यांदा ते पाहिलं आणि मी थक्कच झाले. एवढा मोठा कायदा, आणि लेकराच्या गुडघ्याशी येऊन बसला!

एकदा दुसरीतली एक मुलगी आली. घरी तिला भिंगरी म्हणत. तिने माझे हात घट्ट धरले आणि बाईंनी काही विचारायच्या आत घडाघडा म्हणून टाकलं, "मला आईकडेच राहायचंय. मला बाबांकडेच राहायचंय."

आईने घरी एक पढवलं होतं, बाबांनी वाटेत दुसरं. बिचारीने दोन्ही पाठ केलं होतं.

"यातलं कुठलं म्हटलं की दोघंही रडणार नाहीत?" तिने विचारलं.

बाईंनी स्टूल आणखी जवळ ओढलं.

"कुठलंच म्हणू नकोस," बाई म्हणाल्या. "तुला काय आवडतं, कशाची भीती वाटते, ते सांग. मी सगळं ऐकेन. पण ठरवायचं काम माझं. चुकलं तर माझं चुकेल, तुझं नाही."

"मग एक जण माझं राहणार नाही ना?"

"अगं, नवरा-बायकोचं नातं मी मोडू शकते. त्यांचं तुझ्याशी असलेलं नातं मोडायची ताकद माझ्यात नाही."

ऐकलंत? जिच्या एका सहीने घरं वेगळी होतात, ती बाई म्हणते, माझ्यात ताकद नाही! माझा तोरा पार उतरला. कायदा मोठा का, ते मला त्या दिवशी कळलं.

बराच वेळ दोघी बोलल्या. मग बाईंनी आई-बाबांना आत बोलावलं.

"शाळा जवळ आहे, म्हणून ती आईकडे राहील. शनिवार-रविवार आणि मोठ्या सुट्टीतले निम्मे दिवस बाबांकडे. शाळेचं, दवाखान्याचं दोघांनी मिळून ठरवायचं. आणि हो, तिने कोणालाही निवडलेलं नाही. पुन्हा तिला ते विचारायचं नाही."

दोघांचेही डोळे भरून आले. भिंगरी म्हणाली, "आता रडा हवं तर."

मित्रांनो, 'तू कोणाचा?' असं कोणी विचारलं, तर 'दोघांचा' म्हणा आणि खुशाल खेळायला पळा. मोठ्यांना मात्र माझा निरोप सांगा. न्याय करायला माणसं वर्षानुवर्षं शिकतात, तरी सही करण्याआधी तोच कागद दहादा वाचतात. मी पाहिलंय. तो भार लेकरांच्या माथी मारू नका.