उजवा गुडघा

पडद्याबाहेर

"नऊवारी कशाला रे? पाचवारीत चालते की."

"आई, पाचवारीत प्रोग्रामला पाय दिसत नाहीत. खांब सरकतोय असं वाटतं त्याला. काष्ट्यात दोन्ही पाय सुटे दिसतात."

"बायका बघितल्याच नाहीत का तुझ्या यंत्रानं?"

"पँटवालेच बघितलेत."

कस्तुराबाई हसल्या, पण उठल्या नाहीत. अभिराजने ट्रंक स्वतःच उघडली. चालणारं माणूस यंत्राला ओळखता यावं. गर्दीत, सावलीत, कसल्याही कपड्यांत. एवढ्या एका गोष्टीवर त्याची बंगळुरातल्या कॉलेजातली सगळी नोकरी उभी होती. उद्या दिल्लीची समिती येणार होती. दाखवायला काही नसलं तर प्रकल्प बंद. तो इतका थकला होता की भीतीसुद्धा वाटत नव्हती.

कॉलेजच्या वाटेवर तो नेहमीसारखा पुढे.

"स्वल्प हळू, अभी."

"उशीर होतोय गं."

व्हरांड्यात आई नऊवारीत इकडून तिकडे चालली. कॅमेऱ्याने टिपलं.

पडद्यावर

आईच्या अंगावर रेघा उमटल्या. डावा पाय छान वाकला. उजवा काठीसारखा सरळच.

चूक. अभिराजने कपाळाला हात लावला. मग त्याने प्रोग्रामला बजावलं : चालताना गुडघा वाकतोच, न वाकणारं जे दिसेल ते कचरा समजून टाकून दे.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत उजवा गुडघा वाकू लागला. झोकदार, तरणी चाल.

"झालं?" आईने बाकावरून विचारलं.

"झालं. उद्या वाचलो."

"सरी, बरं झालं. चल मग घरी."

पडद्याबाहेर

तो पायऱ्या उतरून खालीही पोचला. "चल ना," म्हणायला वळला.

आईने भिंतीला हात लावला. उजवा पाय न वाकवता खालच्या पायरीवर ठेवला. डावा त्याच्याशेजारी आणला. थांबली. पुन्हा उजवा.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"गुडघा, आई."

ती पायरीवरच उभी राहिली. "पाचवारीत झाकून जातं रे. तुझ्या यंत्राला कळलं होय?"

"त्याला कळलं होतं. मी पुसलं."

"मग राहू दे पुसलेलं. उद्या साहेब लोक यायचेत. त्यांना कशाला माझा गुडघा?"

तो वर आला. त्याने हात पुढे केला. ती आधी नको म्हणाली, मग धरला.

पडद्यावर

तिला परत आत नेऊन खुर्चीत बसवलं आणि त्याने सकाळची दुरुस्ती काढून टाकली आणि सगळं पहिल्यापासून लावलं. समिती म्हणेल, उजवा पाय चुकतोय. म्हणू दे. सांगता येईल. कदाचित पटणारही नाही.

यंत्र जुनं. एकेका चित्राला त्याचा वेळ घ्यायचं. रेघ जराशी उचलली गेली. अडली. तशीच सरळ राहून थोडी पुढे आली.

खुर्चीत आईची मान कलली होती. पडद्यावर तिचं एक पाऊल पुरं व्हायला उन्हं उतरावी लागली.

अभिराजने घाई केली नाही.