ब्लेझच्या सिनेमातली आई

क्लेलियानं चीजच्या त्रिकोणाचं टोक सुरीनं उडवलं आणि आपल्याच पावावर ठेवलं.

"अगं ए!" दाराआडून सोलांजबाई कडाडल्या. "टोक कापलंस? सगळा मऊ जीव त्यातच असतो. बाकीच्यांनी काय साल चघळायची? कुठली आई असं कापते गं?"

"कट," ब्लेझ म्हणाला.

आता एकच रीळ उरलं होतं, चार मिनिटांचं. दुपारच्या एक चाळीसच्या गाडीनं क्लेलिया पॅरिसला परतणार होती. हा प्रसंग मिळाला नाही, तर सिनेमाला शेवटच नव्हता.

"मादाम, मी अभिनय करतेय."

"दिसतंय ना. म्हणून तर बोलले."

सोलांजबाईंच्या लेकानं, ब्लेझनं, आजवर तीन सिनेमे काढले होते. तिन्हींत आई पहिल्या पाच मिनिटांत मरायची. रविवारी चर्चबाहेर बायका त्यांचा हात हातात घेऊन विचारायच्या, "तब्येत बरी आहे ना?" या चौथ्यात आई शेवटपर्यंत जगत होती, म्हणून तर त्यांनी आपलं स्वयंपाकघर दिलं होतं.

क्लेलियानं एप्रन सोडून टेबलावर टाकला. "मग तुम्हीच करा!" म्हणत ती अंगणात सिगारेट ओढायला गेली.

एप्रन बाईंचाच होता. त्यांनी तो बांधला.

"काय म्हणायचंय?"

"आई, तू नको."

"दुसरी आहे का तुझ्याकडे?"

ब्लेझनं कपाळ चोळलं. "मुलगा घर सोडून निघालाय. तू म्हणायचं, 'जाऊ नकोस.' मग रडायचं."

"एवढ्यासाठी चार मिनिटं?"

मुलाचं काम तो स्वतःच करत होता, पाठमोरा. तो जागेवर उभा राहिला. कॅमेरावाल्यानं कळ दाबली, कॅमेरा घरघरू लागला.

सोलांजबाईंनी पाव चिरला, लोणी लावलं, हॅम घातलं, कागदात घट्ट गुंडाळलं. रडण्याचा पत्ता नव्हता.

"गाडी किती वाजता?"

ब्लेझला संवादच नव्हता. "एक चाळीसला," तो म्हणाला.

"मग उभा काय राहिलास खांबासारखा? चुकेल." पुडकं त्यांनी त्याच्या खिशात कोंबलं. त्याची कॉलर सरळ केली. पुन्हा केली.

रीळ संपून फडफडू लागलं. 'कट' कुणीच म्हणालं नाही.

"संपलं का रे?" त्यांनी कॅमेरावाल्याला विचारलं.

"संपलं, मादाम."

"बरं," त्या म्हणाल्या. कॉलर मात्र सोडली नाही.